कागदाचा अ‍ॅम्प्लिफायर

घरी बसून गाणी ऐकायला हेडफोन हवेत म्हणून कोणी आलं, की मी पहिला प्रश्न विचारते, बसणार कुठल्या खोलीत? लोक गोंधळतात. त्यांना वाटतं ही बाई खिसा विचारेल, नाहीतर फोन कुठला ते विचारेल. पण मलेशियात, पिनांगमधल्या या जुन्या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर एकतीस वर्षं मी हेच विचारत आले आहे. एक काउंटर, दोन काचेची कपाटं, एक सोल्डरिंगचं टेबल, एवढा माझा पसारा. नाव ऊई स्वी खेंग. मी निवडून दिलेला हेडफोन परत आला असं वर्षातून एखाद्या वेळी होतं, आणि तेव्हाही बहुधा मांजराने वायर कुरतडलेली असते.

यीप अंकलनाही मी तेच विचारलं होतं.

"बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी," ते म्हणाले. "दुपारी दोन ते चार. शेजारची पोरगी इस्पितळात रात्रपाळी करते, दुपारी झोपते. भिंत म्हणजे बिस्किट. मी कॅसेट लावली की ती पलीकडून चप्पल आपटते."

"आणि आंटी काही म्हणत नाहीत?"

"तिचा डावा कान लहानपणीच्या तापात गेलाय. मी बसतो तिच्या डावीकडे. चाळीस वर्षं सुखाने चाललंय आमचं."

अंकलनी सगळी उमर फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढली होती, तरी कान मात्र शाबूत होते. त्या दुपारी त्यांनी अकरा हेडफोन घालून पाहिले. कान पूर्ण झाकणारे नको म्हणाले, ते बरोबरच होतं, आमच्या हवेत दहा मिनिटांत आत घामाच्या धारा लागतात. कानात खुपसायचे तर त्यांनी हातातही धरले नाहीत. शेवटी जपानहून जुन्या सामानाच्या कंटेनरमधून आलेला एक जोड मी काढला. कानावर नुसता टेकणारा, हलका, फोमच्या गाद्यांचा, दीडशे रिंगिटचा. अंकलनी तो फोनला जोडला आणि तोंड वाकडं केलं.

"आवाज येतोय. दम नाही."

मला माणूस तिथेच आवडला. नव्वद टक्के गिऱ्हाइकांना हे कळतच नाही. तो जोड हट्टी जातीचा होता, फोनच्या ताकदीला जुमानत नव्हता, आणि गाणं बंद दाराआडून आल्यासारखं येत होतं. मी बांधलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर मध्ये जोडून दिला. साबणाच्या वडीएवढा असतो तो, भिंतीतल्या विजेवर चालतो. अंकलनी डोळे मिटले आणि चांगली तीन गाणी संपेपर्यंत उघडले नाहीत.

"याहून मोठा नाही का?" जाताना त्यांनी विचारलंच. सगळेच विचारतात.

"आहे. पण तुम्हाला देणार नाही," मी म्हटलं. "लागतो तेवढा हा पुरेपूर देतो. जास्तीचं घेऊन कान घालवायचेत का?"

चार वर्षं ते दर दोन-तीन महिन्यांनी फोमच्या नव्या गाद्या न्यायला यायचे. पाचव्या वर्षी, मार्चमध्ये, झोपेतच गेले. मी जाऊन उदबत्ती लावून आले.

ऑगस्टअखेर आमच्या चिनी पंचांगातला सातवा महिना सुरू झाला, मृतांचा महिना. रस्त्याच्या कडेला मेणबत्त्या, फळं, राखेचे ढीग. लोक संध्याकाळी लवकर घरी जातात आणि माझा धंदा बसतो. अशात एका सकाळी यीप अंकलची मुलगी हुई शिन दुकानात आली. प्राथमिक शाळेत शिकवते. एरवी बडबडी, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला होता.

"खेंग आंटी, पापांना दिलात त्यापेक्षा मोठा अ‍ॅम्प्लिफायर द्या. मम्मीसाठी."

"तुझी मम्मी कधीपासून गाणी ऐकायला लागली? ती तर म्हणायची, नवरा हेडफोन घालतो तेवढाच घराला आराम."

ती हसली नाही. "रोज दोन वाजता पापांच्या खुर्चीत बसते. हेडफोन घालते, बटण शेवटपर्यंत फिरवते. म्हणते पुरत नाही, अजून हवं."

"कुठल्या कॅसेट लावते?"

"कॅसेट लावतच नाही, आंटी."

"मग ऐकते काय?"

हुई शिनने मागे वळून पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. "पापा बोलतात म्हणते. खूप हळू बोलतात, शब्द कळत नाहीत, म्हणून वाढवते."

मी तिच्यासाठी कोपी-ओ मागवली, काळी कॉफी, साखर जास्त. मग ती जे बोलली त्याने मात्र मी सरळ बसले. कानाच्या डॉक्टरांनी आंटीला तपासलं होतं. डावा कान तर नव्हताच. उजवा, एवढा एकच चांगला, दोन महिन्यांत निम्म्यावर आला होता. असंच चालू राहिलं तर वर्ष संपायच्या आत तोही जाणार होता, आणि कायमचा. हुई शिनने एकदा हेडफोन लपवून ठेवले, तर आंटीने चार दिवस अन्नाला हात लावला नाही.

"मोठा दिलात तर ती बटण कमी ठेवेल असं वाटलं मला," ती म्हणाली. "दुसरं काय करू? बहिरी झाली तर माझी हाकसुद्धा ऐकणार नाही ती. मला दुसरं कोण आहे?"

मोठा अ‍ॅम्प्लिफायर मी दिला नाही. उलट मला माझ्याच वस्तूची शंका आली. मुक्या हेडफोनने कान जात नाही. एखादा सुटा भाग बिघडला तर अ‍ॅम्प्लिफायर ऐकू न येणारी बारीक शिट्टी मारत राहतो, ती मात्र कान खाऊ शकते. तसं असेल तर दोष माझा. माणूस वारला म्हणून त्याची तक्रार वारत नाही, निदान माझ्या दुकानात तरी नाही. मी मीटर, स्क्रू-ड्रायव्हर आणि नव्या वायरी पिशवीत टाकल्या आणि दुकान बंद करून तिच्याबरोबर निघाले.

जेलुटोंगमधला त्यांचा फ्लॅट आठव्या मजल्यावर. पावणेदोन वाजले होते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत पडदे ओढलेले, उदबत्तीचा आणि दुखऱ्या गुडघ्यांना चोळायच्या तेलाचा वास. आंटी खुर्चीत तयारच बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, पण जीभ जागेवर होती.

"आलीस का, आ खेंग? तुझा डबा कमी पडतो. दीड दमडीचा माल विकतेस."

"आंटी, माझा डबा म्हातारा होत नाही. तुम्ही होताय."

"उजवीकडून बोल, काही कळत नाही."

मी उजवीकडे गेले, आणि तरीही मला ओरडूनच बोलावं लागलं. सहा महिन्यांपूर्वी, मी उदबत्ती लावायला आले तेव्हा, याच बाई स्वयंपाकघरातून आमची कुजबूज ऐकत होत्या. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला, कोणाचा ते माहीत नव्हतं.

अ‍ॅम्प्लिफायर उघडून मी सगळं तपासलं. सोल्डर चकचकीत, आकडे जिथल्या तिथे, शिट्टी नाही, काही नाही. माझं काम मलाच कौतुकाने बघावंसं वाटलं. तेवढ्यात दोन वाजले. आंटींनी हेडफोन चढवले, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि मान खाली घातली. जरा वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले. "काय म्हणता?" त्या म्हणत होत्या. "मोठ्याने बोला ना... काय म्हणता?"

"आंटी, मला बघू द्या," मी म्हटलं. त्यांनी नाखुशीने हेडफोन दिले.

मी ते कानावर ठेवले. आधी नुसती खरखर. मग तिच्या खाली, फार खोल, एक माणूस.

मी घाबरले नाही. अशी भुताची तक्रार माझ्याकडे महिन्याला एक तरी येते. लांब वायर रेडिओचे कार्यक्रम पकडते, लोकांना वाटतं घरात कोणी बोलतंय. मी कॅसेट प्लेअरची वायर काढली. खरखर थांबली. माणूस थांबला नाही. मग मी अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग भिंतीतून उपटला. त्याचा लाल दिवा विझला. माणूस बोलतच होता. आता राहिली फक्त हेडफोनची वायर. ती मी अ‍ॅम्प्लिफायरमधून ओढून काढली आणि तिचं टोक मुठीत घट्ट धरलं.

आवाज बारीक झाला... पण गेला नाही. पितळेचं ते टोक माझ्या मुठीत गार पडत चाललं होतं, आणि ज्याला वीज नाही, कॅसेट नाही, ज्याचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही, त्या हेडफोनमध्ये यीप अंकल बोलत होते. आंटींच्या अधू कानाला जे शब्द कळत नव्हते ते मला कळले. कान हाच माझा धंदा आहे.

"दम नाही..." ते म्हणत होते. "येतंय... पण दम नाही... वाढव जरा..."

हेडफोन काढून मी मांडीवर ठेवले. हुई शिन दारात उभी होती.

"आंटी... काय ऐकलंत?"

आता मला भीती वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. वाटली, थोडी. पण त्याहून जास्त ओळख पटली. हे वाक्य मी माझ्याच काउंटरवर ऐकलं होतं, त्याच माणसाच्या तोंडून. ते बायकोशी बोलत नव्हतेच. ते गाणं ऐकायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. ते तिकडून वाढव म्हणत होते, आणि इकडे ही बाई त्यांना ऐकण्यासाठी वाढवत होती.

"हुई शिन," मी म्हटलं, "पापांना काय काय जाळलंत?"

आमच्यात मेलेल्या माणसाला लागणाऱ्या वस्तू कागदाच्या करून जाळतात. इथे धूर झाला की तिकडे वस्तू पोचते. शंभराव्या दिवशी घरोघर हे करतात.

"घर, दोन नोकर, कपडे, घड्याळ," ती बोटांवर मोजत म्हणाली. "कॅसेट प्लेअर. आणि हेडफोन, मुद्दाम कागदी वस्तू बनवणाऱ्या खॉर अंकलकडून करून घेतला. हुबेहूब, फोमसकट."

"आणि अ‍ॅम्प्लिफायर?"

"तो छोटा डबा? तो... तो कशाचा आहे तेच खॉर अंकलना कळेना. म्हणाले, डबा कशाला पाठवता."

"मम्मी हेडफोन घालून कधीपासून बसायला लागली?"

"शंभराव्या दिवसानंतर," ती म्हणाली, आणि खुर्चीचा हात धरून खाली बसली.

मी मात्र उठले. कारण कळलं की माझ्या अंगात बळ येतं. एवढे नग पाठवले आणि चालवायची सोयच पाठवली नाही. माझ्याकडे रोज लोक हीच चूक करून येतात, हेडफोनवर पैसे उडवतात आणि त्याला ताकद कोण देणार याचा विचार करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खॉर अंकलच्या कारखान्यात गेले. त्यांचा सीझन होता. बांबूच्या कामट्यांचे सांगाडे छतापर्यंत रचलेले, कागदी मोटारी, कागदी वातानुकूलन यंत्रं, कागदी कोट. खॉर अंकल बनियनवर बसून एका बंगल्याला खिडक्या चिकटवत होते.

"या महिन्याच्या चौदाव्या दिवसापर्यंत हात रिकामा नाही," ते वर न बघता म्हणाले.

"मला खोकं हवंय फक्त."

"खोक्याला मी कशाला हवा? वाण्याकडे जा."

मी कागद मागून घेतला आणि काढून दाखवलं. पुढे आवाजाचं गोल बटण, त्याभोवती आकडे. बाजूला हेडफोन जोडायचं भोक. लाल दिवा. मागे जाड वायर आणि तीन पिनांचा प्लग. आत दोन ट्रान्सफॉर्मर, ते मी वेगळे काढून दिले, तांब्याच्या वेढ्यांसकट. खॉर अंकलना आता मजा यायला लागली. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "मोठा किती करू?"

खरा तर साबणाच्या वडीएवढा होता. पण मी म्हटलं, "चपलांच्या खोक्याच्या दुप्पट."

"खरा केवढा आहे?"

मी हाताने दाखवलं. त्यांनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला. "खऱ्यापेक्षा मोठं आम्ही करत नाही. घर लहान करतो, गाडी लहान करतो. फार तर फार बरोबरीचं. मोठं नाही."

"का?"

"माझ्या बापाने कधी केलं नाही."

"तुमच्या बापाने अ‍ॅम्प्लिफायर तरी कुठे केला होता? अंकल, इतक्या लांबून पोचायचं तर वाटेत किती गळेल कोणास ठाऊक. कमी पडला तर ती बाई बहिरी होईल. तुम्ही डिंकाचं बघा, ताकदीचं मला कळतं."

त्यांनी खांदे उडवले. "तू सांगतेस म्हणून," ते म्हणाले. "कोणी विचारलं तर माझं नाव सांगू नकोस."

चौदाव्या दिवशी दुपारी एक वाजता इमारतीच्या मागच्या अंगणात आम्ही तो जाळला. आधी उकडलेली कोंबडी, भाजलेलं बदक, वाफेवरचे गुलाबी केक आणि अंकलची कोपी-ओ मांडली. जेवायला वेळ मिळावा म्हणून उदबत्ती अर्धी जळेपर्यंत थांबलो. खॉर अंकलनी काम झकास केलं होतं. सोनेरी कागदाचं बटण खरोखर फिरत होतं. पत्र्याच्या पिंपात ठेवला तेव्हा तो मावेना, एक कोपरा वर राहिला. हुई शिनने पापांचं नाव आणि पत्ता उच्चारून काडी लावली. आंटी खुर्चीवर बसून होत्या. "एवढा मोठा?" त्या म्हणाल्या. "मला तर लहानसुद्धा देत नव्हतीस."

राख बसल्यावर हुई शिनने दोन नाणी उडवली. एक छाप, एक काटा पडला तर हो, पोचलं. दोन्ही काटे म्हणजे नाही. दोन्ही छाप पडले तर वरचा माणूस हसतोय. पहिल्या खेपेला दोन्ही छाप पडले. आम्हीही हसलो. दुसऱ्या खेपेला एक छाप, एक काटा.

दोन वाजता वर जाऊन मी स्वतः हेडफोन घातले. नुसती शांतता होती. बटण वाढवलं, खरखर आली, आणि तिच्या खाली काहीच नव्हतं. मग आंटींनी घातले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्यांनी हेडफोन काढले आणि त्या रडायला लागल्या.

"बोलत नाही आता."

"आंटी, ते गाणी ऐकतायत. सुखात आहेत."

"होय तर! जिवंत होता तेव्हाही हेच. दोन वाजले की बायको मेली याला." मग त्यांनी नाक पुसलं. "घेऊन जा ते. मला बघायचंही नाही."

हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर मी दुकानात आणले आणि खालच्या खणात कुलूप लावून ठेवले. त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होते, हे लपवत नाही. धंद्यातली माझ्या वयाची पुरुष मंडळी स्टुडिओ जोडल्याच्या गप्पा मारतात. मी कुठे जोडणी केली होती ते सांगितलं असतं तर त्यांची तोंडं बंद झाली असती.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी आंटींना पुन्हा तपासलं. उजवा कान पूर्ण सुधारला होता. डॉक्टर स्वतः चक्रावले. गेलेलं ऐकणं असं परत येत नाही म्हणाले. हुई शिनने मला फोन करून सांगितलं आणि रडली. मीही रडले. मम्मी नीट जेवते, गुणगुणते, शेजारच्या नर्सशी भांडतेसुद्धा, असं ती म्हणत होती.

"मग आता काय हवंय?" मी विचारलं, कारण ती फोन ठेवत नव्हती.

"काही नाही, आंटी... फक्त दुपारी हाक मारली की ओ देत नाही."

"झोपत असेल."

"डोळे उघडे असतात. आधी दोन ते चार असायचं. आता सहा वाजतात. काल तर जेवायला उठली तेव्हा नऊ वाजले होते... तुम्ही एकदा याल का?"

मी दुसऱ्याच दिवशी गेले. तीन वाजले होते. पडदे उघडे, खोलीत लख्ख ऊन. आंटी अंकलच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, पाऊल तालात हलत होतं. चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्या बाईच्या कधी पाहिलं नव्हतं. समोर उभी राहिले तरी त्यांनी पाहिलं नाही. मी त्यांच्या डावीकडचं स्टूल ओढलं आणि बसले.

बसल्यावर जरा वेळाने मला गाणं ऐकू यायला लागलं.

शेजारी कोणी हलके हेडफोन घालून बसलं असेल तर त्यातून गाणं झिरपतं, पातळ, नुसता पत्रा वाजल्यासारखं. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. खोलीत कॅसेट प्लेअर बंद होता. हेडफोन माझ्या खणात, किल्ली माझ्या गळ्यात. मी हळूहळू आंटींकडे झुकत गेले... गाणं वाढत गेलं. होक्कियेन भाषेतलं जुनं गाणं, कोणी बाई गात होती, आणि ते आंटींच्या डाव्या कानातून बाहेर येत होतं. साठ वर्षांपूर्वी तापाने गेलेल्या कानातून.

एवढं होऊनही मी कारागीर आहे हे मला विसरता आलं नाही. आवाज फाटत नव्हता. खालचे सूर भरीव होते. जोर भरपूर होता, भरपूर, खोक्याचं बटण अर्ध्यावरही आलं नसेल.

आंटींनी उजवा हात उचलला. समोर काही नव्हतं. हवेतच त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून काहीतरी फिरवलं, जरासंच, आणि माझ्या गालाजवळ गाणं मोठं झालं.

"मम्मी!" हुई शिन ओरडली. ती उजवीकडे होती, त्या सुधारलेल्या कानापाशी, तोंड अगदी जवळ नेऊन. पलीकडून भिंतीवर चप्पल आपटली. "मम्मी, मी बोलतेय! मम्मी!"

आंटींची पापणीही हलली नाही. मी उठून तिच्या बाजूला गेले, तिला मागे केलं आणि त्या कानाशी वाकले. डॉक्टरांनी बरा ठरवलेला कान. तिथेही गाणं होतं, तीच बाई, तेवढ्याच जोराने, आणि मागे कोणी म्हातारा तिच्या सुरात सूर मिसळून गात होता.

"आंटी," हुई शिनने माझा दंड धरला. "हे बंद करा ना... तुम्हीच लावून दिलंत, बंद करा."

मी तोंड उघडलं, कारण अशा प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं असं कधी झालेलं नाही. मग मला खॉर अंकलच्या टेबलावरचा तो कागद आठवला. गोल बटण काढलं होतं, त्याभोवतीचे आकडे काढले होते. भोक, लाल दिवा, तांब्याच्या वेढ्यांसकट दोन ट्रान्सफॉर्मर, जाड वायर, तीन पिनांचा प्लग. सगळं एका दमात, हात न थांबवता काढलं होतं. फक्त बंद करायचा खटका मी त्याला काढलाच नव्हता.